मापाची बाटली

ये, खुर्ची इकडे घे, ट्रेव्हिन. दार लाव.
आधी हात. साबण नखांखाली, मनगटापर्यंत.
घाई नको,
बोटीवरचा कप्तान इथे ओरडायला नाही.

आपण दोघंही पाण्याखालचे.
तुझी, म्हणतोस, त्या दिवशीची बारावी टाकी,
माझी चौदावी होती.
खोलीचं मीटर मोडकं, हे तुलाही ठाऊक होतं, मलाही.
वर आलो तेव्हा हसत होतो.
अर्ध्या तासाने सिगारेट पेटवायला उठलो
आणि पाय खालीच राहिले,
लॉब्स्टरांच्या शेजारी, वाळूत.

कौकिरात सगळे म्हणाले, लिवा मायरिननं धरलं.
समुद्राच्या बाईची पोरं पकडून विकतोस,
मग ती सोडेल?
आई अजून तेच म्हणते. म्हणू दे.
मेल्विना नर्स म्हणते, बुडबुडे, कण्यातले.
मला दोन्ही खरं वाटतं.
पण नळी घालायला शिकवलं ते मेल्विनानं.

पायांचं सगळे विचारतात.
कधी चालशील? बोटं हलतात का?
मूत्राशयाचं कुणी विचारत नाही.
या खाटेवर ऑस्लर होता, तुझ्या आधी.
बायकोसमोर ओलं व्हायला नको
म्हणून पाणीच सोडलं त्यानं.
दिवसाला एक कप कॉफी.
जन्मभर पाण्यात राहिलेला माणूस
तहानेनं वाळत गेला.
लघवी आधी गढूळ, खाडीच्या तळासारखी,
मग ताप, मग हुडहुडी,
मग मूत्रपिंडं.
तर पाणी पी. लाज वाटली तरी पी.

ही नळी. ही रात्री उकळलेली.
टोकाला जेल लाव.
दुखेल म्हणून घाबरतोस?
दुखणार नाही रे. तेच तर दुःख आहे.
हळू सरकव.
एका ठिकाणी अडेल. तिथे थांब.
जोर लावू नकोस, श्वास घे.
वर येताना पंधरा फुटांवर थांबायचं असतं,
आठवतं?
आपल्यातलं कोण थांबलं?
इथे थांब.

आता येईल. बाटली खाली धर.
खिळ्यानं कोरलेल्या या रेघा माझ्याच,
चारशेची जरा वाकडी आहे.
पाचशेच्या वर गेलं तर समज, घड्याळ चुकलं.
दर चार तासांनी, रविवारीसुद्धा.
नाहीतर आत दाब साठतो, वर चढतो,
आणि दाब काय करतो
हे तुला-मला कुणी शिकवायला नको.

शरीर मुकं झालंय असं समजू नकोस.
भरलं की माझ्या मानेला घाम फुटतो,
फक्त डाव्या बाजूला.
सहा महिने मला वाटत होतं, उकाडा.
आता चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना
मान ओली झाली की मी उठतो,
म्हणजे, उठत कुठला,
खुर्ची वळवतो.
पाद्री बघतो आणि बायबलात मान घालतो.

गोळीनं तोंड कोरडं पडेल. लिंबू चघळ.

रोसाल्बा? हो, राहिली.
पहिल्या वर्षी रात्री दोनला तीच मला उठवायची,
कंदील धरून बसायची, चिडून, पेंगत.
आता मी उठवत नाही तिला.
पण बाटलीत धार पडली
की अंधारात तिचा आवाज येतो,
"किती?"
"साडेतीनशे."
"बरं."
आणि कूस बदलते.
आमच्यात प्रेमाचं बोलणं म्हणशील तर
हल्ली एवढंच.

आता तू कर.
मी तोंड खिडकीकडे करतो.
बोट निघालीय बघ, टाक्या लादून,
चोवीस-पंचवीस पोरं टपावर बसलीयत,
कुणीतरी हात हलवतोय, ओळखू येत नाही.
तू लक्ष देऊ नकोस.
थांबलास ना अडलं तिथे?
हं.
ऐकू आलं मला.
रेघ बघ.
किती?